कुंडीचं टक्कल

सलूनवाल्या काकांच्या दुकानात लपवाछपवी एकाच डोक्याला माफ होती, काकांच्या स्वतःच्या. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, टाळू उघडी पडू लागली की काका तोंडावर सांगत, "साहेब, कडेचे केस ओढून झाकू नका. बारीक कापू या. लपवलं की जास्त दिसतं." हे सांगताना त्यांचे डाव्या कानावरचे लांब केस तेल लावून थेट उजव्या कानापर्यंत नेलेले असत. त्यावर बोलायची कोणाची टाप नव्हती.

काकू लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने गेल्या, तेव्हा त्यांनी सलूनच्या खिडकीतली टांगती कुंडी काकांच्या हवाली केली. आत लोंबणारी वेल, पानांवर हिरवे, पांढरे, गुलाबी पट्टे. काकूंच्या आईच्या घरून आणलेलं कांडं ते. आई गेली, घर विकलं गेलं, माहेरचं म्हणून एवढंच उरलं होतं.

"खिडकीतून हलवू नका आणि शेंडे खुडत राहा," काकूंनी बजावलं.

"अगं, तीस वर्षं कात्री चालवतोय. मला शिकवतेस?"

झालं भलतंच. दिवसभर सपासप केस कापणाऱ्या काकांचा हात सासूबाईंच्या वेलीवर उचलेना. शिवाय खिडकीत ऊन लागेल म्हणून त्यांनी कुंडी आतल्या कोपऱ्यात नेली. वेल हातभर वाढली खरी, पण नवी पानं निघाली नुसती हिरवी, आणि कुंडीतली वरची माती उघडी पडली. मग काकांनी रोजच्या सवयीचंच केलं. लांब फांद्या उचलून मातीवरून आडव्या नेल्या, चापूनचोपून बसवल्या आणि बाजूने फोटो काढून पाठवला.

काकू खूश. दोन महिने असेच फोटो जात राहिले. मग एका सकाळी फोनवर त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येतेय. अहो, आज जरा वरून काढा फोटो."

आता आल्यावरच बघ, म्हणत काकांनी फोन ठेवला. फांद्या बाजूला सारून ते मातीकडे बघत बसले. वेल गेली तर बायकोचं माहेर आपल्या हातून संपलं, हे त्यांना लख्ख कळत होतं. समोरच्या आरशात कुंडी दिसत होती आणि स्वतःचं डोकंही.

"चला, बारीक कापू या," ते मोठ्याने म्हणाले.

एकदा कात्री हातात आली की काकांना कसली भीती! हिरव्या फांद्या त्यांनी बुडापासून उडवल्या. रंगीत फुटव्यांच्या तोंडचा घास त्याच पळवत होत्या. पट्ट्यांचे सात शेंडे सापडले. पेराखाली कापून ते नेमके टकलावर खोचले आणि कुंडी परत खिडकीत टांगली. मग खुर्चीत बसून त्यांनी मशीन स्वतःच्या डोक्यावर फिरवलं.

रविवारी काकूंनी पिशवीही खाली न ठेवता खिडकी गाठली. कुंडीत बोटबोटभर सात शेंडे. काका मागे उभे होते, पण मान ताठ.

"मीच कोपऱ्यात ठेवली, मीच झाकत राहिलो. आता मात्र जगेल."

काकूंनी एक शेंडा चिमटीत धरून हलकेच ओढला. निघाला नाही. दुसराही घट्ट.

"मूळ धरलंय हो!" त्यांचे डोळे भरून आले. डोळे पुसत त्या वळल्या, तेव्हा कुठे नवऱ्याचं गुळगुळीत डोकं त्यांच्या नजरेस पडलं.

"आई जाईपर्यंत सांगत होती, जावईबापूंना म्हणावं, कापून टाका ते केस. ऐकलंत एकदाचं तिचं."