दुरुस्तीला काढलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, पण एका जागी बसून राहणे मला कधी जमले नाही. मला चाके आहेत. मागे दोन मोठी आणि पुढे दोन छोटी. छोटी दोन्ही अशी उनाड, की सरळ रस्त्यावरसुद्धा उगाच इकडेतिकडे बघत चालतात. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी एका कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून मला घडवले. तेव्हा माझे आसन गडद निळे होते आणि अंगावर एक ओरखडाही नव्हता.

एका चर्चने मला आणले. मी कुणा एकाची नव्हते. मंडळीत ज्याच्या घरी आजार येई, त्याच्या घरी मी जाई. एका म्हाताऱ्या घड्याळजींना मी कित्येक सकाळी उन्हात नेऊन बसवले. पाय मोडलेल्या एका गवंड्याने माझ्यावर बसून मुलीचे लग्न पाहिले आणि मांडव नीट उभारला नाही म्हणून सगळ्यांना फैलावरही घेतले. "देवानेच पाठवली हो ही खुर्ची!" असे लोक म्हणत. मला फार बरे वाटे. पण खरे सांगायचे तर मला भिंगरीताई पाठवत असत.

भिंगरीताई शिवणकाम करायच्या. त्यांचे खरे नाव कुणी घेत नसे, कारण त्यांच्या पायाला खरोखरच भिंगरी होती. इथे औषध पोचव, तिथे पेज करून दे, कुणाच्या अंथरुणाला धुतलेली चादर घाल. चर्चच्या मागच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असे आणि त्या खोलीत मी असे. माझे आसन फाटले तेव्हा त्यांनी जाड कापडाचे नवे शिवून दिले.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकी. रविवारच्या उपासनेत प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याची, वेळ झाली, की सगळे रांगेने पुढे जात आणि भिंगरीताई मागच्या दाराने माझ्या खोलीत येत. "ह्या चाकाला तेल नको का घालायला?" असे पुटपुटत त्या खाली बसत. तेल आदल्याच दिवशी घातलेले असे. तिकडे गाणे संपेपर्यंत इकडे त्या माझी चाके फिरवत राहत. फिरवत राहत आणि एकदाही दाराकडे बघत नसत.

पुढे सारे उमगले. भिंगरीताईंना एक धाकटी बहीण होती. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची, पण आई गेल्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आई शेवटी धाकटीकडे होती. ती अगदी अखेरच्या घटका मोजत असताना धाकटीने थोरलीला कळवलेच नाही. निरोप आला तो सगळे आटोपल्यावर. मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजाशी जाऊ नये, हे भिंगरीताईंना ठाऊक होते. अढी सुटेना, म्हणून त्या मेजच टाळत. आणि बाकी वेळ इतकी सेवा करत, की कुणाला काही विचारायची सवडच मिळू नये.

मग एके दिवशी त्यांची भाची खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. धाकटीची ही मुलगी, चांगली मोठी, नोकरी करणारी.

"मावशी, आई जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलंय. खुर्ची मिळेल का?"

भिंगरीताईंच्या हातातली चादर अर्धवट घडी होऊन तशीच राहिली. मी त्यांच्या मागेच उभी होते, तेल घातलेली, पुसलेली, निघायला तयार.

"खुर्ची दुरुस्तीला काढलीय," त्या म्हणाल्या.

भाचीने माझ्याकडे पाहिले. मग मावशीकडे पाहिले. "बरं," एवढेच म्हणून ती गेली.

मित्रांनो, माझ्याविषयी कुणी खोटे बोलल्याची ती पहिलीच वेळ. मला वाटले, आता त्या धावत जाऊन तिला परत बोलावतील. त्या धावल्या नाहीत. खोलीभर येरझाऱ्या घालू लागल्या. चादरी काढल्या, पुन्हा तशाच लावल्या. शेवटी त्यांनी पाना घेतला, माझा नट सैल केला आणि एक मोठे चाक काढून भिंतीला टेकवून ठेवले. आता बोललेले खरे झाले होते! पण खरे होऊनही त्यांचे समाधान काही झाले नाही. पुढचे काही दिवस त्या रोज येत, माझ्याकडे बघत आणि काही न करता निघून जात. मीही एका अंगावर कलंडून पडले होते. पलीकडच्या गल्लीत कुणी बिछान्यात अडकून पडले आहे आणि मी इथे धडधाकट असून लंगडी, ह्या विचाराने माझा जीव नुसता तळमळत होता.

एका सकाळी चर्चचे पाळक मेणबत्त्या न्यायला आत आले. फार कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला पाहिले, भिंतीजवळचे चाक पाहिले.

"हे काय झालं?"

"दुरुस्ती चाललीय," भिंगरीताई म्हणाल्या.

"कुणाची?" पाळकांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता मेणबत्त्या घेऊन ते गेले.

भिंगरीताई खाली बसल्या. त्यांनी हात जोडले. "मला जमत नाही रे देवा," एवढेच काय ते मला ऐकू आले. मग त्या उठल्या, रागारागाने चाक बसवले आणि मला ढकलत रस्त्यावर आणले. कुणी वाटेत भेटून थांबवू नये म्हणून इतक्या भराभर चालत होत्या, की खड्ड्याखड्ड्याला माझी हाडे खिळखिळी होत होती.

दार भाचीने उघडले. आतल्या खोलीत धाकटी पलंगावर पडून होती. चेहरा भिंतीकडे.

"खुर्ची आणलीय," भिंगरीताई म्हणाल्या.

"ठेव आणि जा."

"ठेवून काय उपयोग? बसवायला कोण आहे? पोरी, तुला एकटीला हिला उचलता यायचं नाही."

आता एक गोष्ट सांगते. बिछान्यातल्या माणसाला माझ्यावर बसवायचे तर एकच रीत आहे. मला पलंगाला खेटून उभे करायचे, ब्रेक लावायचा, आजाऱ्याने उचलणाऱ्याच्या गळ्यात दोन्ही हात घालायचे आणि उचलणाऱ्याने त्याला कवेत घेऊन वर ओढायचे. दुसरा मार्ग नाही.

"हात घाल गळ्यात," भिंगरीताई म्हणाल्या.

धाकटी हलली नाही.

"अगं, घाल. माझी कंबर आता पूर्वीसारखी नाही."

तिने हात घातले. भिंगरीताईंनी तिला उचलले आणि दोघी मधेच थांबल्या. ना पलंगावर, ना माझ्यावर.

"आईलाही असंच उचलायचीस?" थोरलीने तिच्या खांद्यावरूनच विचारले.

"हो. अगदी हलकी झाली होती गं, ताई."

"मला का नाही बोलावलंस?"

"तू आलीस की ती तुझ्याशीच बोलायची. मला वाटलं, एक दिवस तरी ती माझी एकटीची असू दे. उद्या सकाळी ताईला बोलावू, असं ठरवलं होतं मी. सकाळ होऊच दिली नाही तिनं."

 बहिणीला भिंगरीताईंनी अलगद माझ्यावर बसवले, तिचा प्लास्टरमधला पाय माझ्या पाय ठेवायच्या पट्टीवर ठेवला आणि पाठ फिरवून खिडकीचे पडदे सरळ करत बसल्या. पडदे सरळच होते.

क्षमा केली, असे त्या दिवशी त्या म्हणाल्या नाहीत. नंतरही म्हणाल्याचे मी ऐकले नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या आल्या. तिसऱ्या दिवशी धुसफुसत आल्या, "काल रात्रभर तुझा राग आला होता मला" असे तोंडावर सांगितले आणि तिचे केस विंचरून दिले. कधी जुने उकरून काढत, कधी दोघी मिळून आईच्या नकला करत. एका रविवारी त्यांनी बहिणीला चर्चमध्ये आणले. पायऱ्यांवरून मला चौघांनी उचलले. प्रभुभोजनाची वेळ झाली तेव्हा भिंगरीताई क्षणभर मागच्या दाराकडे वळल्या, मग माझी मूठ घट्ट धरून रांगेत उभ्या राहिल्या.  रांग पुढे सरकली तशी माझी चाकेही पुढे सरकली.

पुढे धाकटीचे हाड जुळले. दुपारी घरात कुणी नसताना ती काठी टेकत स्वयंपाकघरात जाऊन येई. पण बहिणीची चाहूल लागली, की पटकन माझ्यावर येऊन बसे. "अजून जमत नाही गं ताई," म्हणे. एकदा भिंगरीताईंनी गॅसवर उकळता चहा पाहिला आणि त्या हसल्या.

"खुर्ची नेते मी. एका आजोबांना हवीय."

"म्हणजे आता तू यायची नाहीस."

"चहा कुणाच्या हातचा पिऊ मग?"

मित्रांनो, आता माझ्या नळ्यांवर गंज चढला आहे. आसनाची शिवण उसवली आहे. भिंगरीताई थकल्या आणि किल्ली कुणाकडे आहे, तेच कुणाला आठवत नाही. माझ्या मांडीवर जुन्या पडद्यांचे गाठोडे ठेवले आहे. भिंतीपलीकडे प्रार्थना चालते, गाणी होतात. ऐकायला गोड वाटते, पण माझी चाके शिवशिवतात. इतक्या प्रार्थनेनंतर ही सगळी माणसे कुठे जातात, कुणाचे दार वाजवतात, हे मला कळत नाही.

मला थोडे तेल घाला, एक शिवण मारा, पावसात ठेवू नका. एवढी निगा मला पुरे. आणि माझी दुरुस्ती होईपर्यंत मात्र थांबू नका. ज्याच्या घरी जायचे तुम्ही टाळत आहात, त्याच्याकडे मोकळ्या हातांनीच निघा. मोकळे हात गळ्यात घालता येतात.