अपडेटने तोडलेलं वाक्य

गानिम मोसुलच्या भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. घाऊक बाजारातला पुकाऱ्या म्हणजे गळ्यावर जगणारा माणूस. सकाळी टोमॅटोच्या पेट्या उतरल्या की त्याचा आवाज पत्र्याच्या छपराखाली असा घुमायचा, की पलीकडच्या गल्लीतले बटाटेवालेसुद्धा सावरून बसायचे. तो माझा नवरा. मी नजला. लग्नानंतरचे पहिले काही महिने मी त्याला घरात हळू बोलायला शिकवण्यातच घालवले.

मग आजार आला. आधी हात जड झाले, मग पाय, शेवटी जीभ. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत राहील, बाकीचं एकेक करून जाईल. तसंच झालं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला.

त्या अंगठ्याला आवाज मिळवून दिला मैसलूनने. ही माझ्या बहिणीची मुलगी, मुलींच्या शाळेत संगणक शिकवते. आमच्या बैठकीतल्या जुन्या संगणकावर तिने एक प्रोग्राम बसवला. पडद्यावर एकेक अक्षर उजळत जातं. हवं ते आलं की गानिम अंगठ्याखालचं बटण दाबतो. वाक्य पुरं झालं की संगणक ते मोठ्याने वाचतो, बातम्या देणाऱ्या माणसासारखं, ताठ आणि शुद्ध. गानिमचं पहिलं वाक्य होतं, "या निवेदकाला मुळे विकायला बसवू नका, उपाशी मरेल."

मी इतकी हसले की मैसलूनला वाटलं मी रडतेय. तसं तेही चाललंच होतं.

पण त्या संगणकाला एक खोड होती. मध्येच त्याची चौकट उगवायची: नवं अपडेट आलं आहे, आता बसवू का? चौकट आली की अक्षरं झाकली जायची आणि गानिमचं बटण मुकं व्हायचं. मग मी स्वयंपाकघरातून हात पुसत धावायचे आणि 'नंतर' दाबायचे. गानिम म्हणायचा, "माझं बोलणं तोडणारी आधी तू एकटीच होतीस. आता जोडी जमली."

मी 'नंतर' दाबत राहिले. मला वाटलं, तेवढं पुरे आहे.

एक दिवस त्याने लिहिलं, "धन्नूनला बोलव. समोरासमोर बोलायचंय."

धन्नून हा त्याचा धाकटा भाऊ, किरकुकला राहतो. लढाईच्या दिवसांत तो बायकोमुलांना घेऊन शहराबाहेर पडला होता. आई आमच्याकडे होती. ती गेली तेव्हा रस्ते बंद होते, धन्नून दफनाला पोहोचू शकला नाही. रस्ते उघडल्यावर आला. आमच्या दारात लोक समाचाराला बसले होते. त्या सगळ्यांसमोर त्याने हात पुढे केला, आणि गानिमने तो घेतला नाही. धन्नून तसाच माघारी गेला. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. आजारपणाची बातमी त्याला कळली होती. तो मला फोन करून विचारायचा, पण "त्याला फोन दे" असं कधी म्हणाला नाही.

मी फोनवर निरोप दिला.

"येतो," तो म्हणाला. "पण थांबणार नाही हं, वहिनी. चहा घेईन आणि निघेन."

मी गानिमला म्हटलं, "जे सांगायचंय ते आधीच लिहून ठेव. तो आला की एक बटण दाबायचं, झालं."

"साठवलेलं बोलणं शिळं लागतं," गानिमने उत्तर दिलं. "मी ताजा मालच विकलाय."

धन्नून दुपारी आला. दाराशी बूट न काढताच उभा राहिला. खुर्चीतला गानिम बघून त्याचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. मी त्याला आत ओढलं, बसवलं, चहा पुढे ठेवला. गानिमचा अंगठा चालू लागला होता. अक्षरं जुळत होती. धन्नून पडद्याकडे नाही, जमिनीकडे बघत होता.

गानिमला बहुधा धीर धरवला नाही. अर्धंच वाक्य त्याने वाचायला लावलं आणि पुढचं जुळवायला घेतलं. निवेदकाचा आवाज आला, "धन्नून, आईच्या दिवसांना मी"

आणि पडदा निळा झाला. त्यावर एक गोल फिरू लागला. 'अपडेट चालू आहे. संगणक बंद करू नका.'

धन्नूनने मान वर केली. "मी काय? गानिम, 'मी'च्या पुढे काय?"

गानिमचा अंगठा बटण दाबत होता, दाबत होता. काही उपयोग नव्हता. या वेळी संगणकाने विचारलंही नव्हतं.

"तो मुद्दाम गप्प नाहीये, भाऊजी, संगणक त्याला बोलू देत नाहीये," मी म्हटलं आणि जमेल तसं समजावलं. मग माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. सरकारी वीज आता जायची वेळ होती. ती गेली की गल्लीतला जनरेटर सुरू होतो, पण मध्ये थोडा वेळ अंधारच असतो. मैसलूनने बजावलं होतं, अपडेट चालू असताना वीज गेली तर संगणक पुन्हा उठेल याची खात्री नाही.

"इन्व्हर्टर आहे ना?" धन्नूनने विचारलं.

"आहे. त्याची बॅटरी कधीचीच मेलीय."

तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, गेला. चहा घेतला आणि गेला, म्हणाला होता तसा. गानिमलाही तेच वाटलं असावं. त्याने डोळे मिटून घेतले.

बाहेर गाडीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने धन्नून आत शिरला, छातीशी गाडीची बॅटरी धरून, सदऱ्यावर काळं ग्रीस माखून घेऊन.

"जुनं फडकं दे, वहिनी. आणि त्या मेलेल्या बॅटरीच्या तारा कुठल्या ते दाखव. पटकन!"

तो इन्व्हर्टरपाशी गुडघ्यांवर बसला, तारांची टोकं घासली, जोडली. इन्व्हर्टर एकदा कण्हला आणि गप्प झाला. त्याने हात पुसले न पुसले तोच पंखा थांबला, दिवा गेला. निळा पडदा मात्र तसाच उजळ राहिला.

धन्नून भिंतीला टेकून हसायला लागला. "आता मी जाऊ कसा? गाडीची बॅटरी तुमच्या बैठकीत!"

मग त्याने बूट काढले.

ते अपडेट मुंगीच्या चालीने चाललं. मी खिमा भरलेला कुब्बा तळला, मुरवलेले सलगम काढले. धन्नून गानिमशेजारी बसून जेवला आणि एकटाच बोलत राहिला: किरकुकचा उकाडा, मुलांची भांडणं, कोण कुठे गेलं. गानिम ऐकत होता. शेवटी निळा पडदा गेला. पण अक्षरांचा प्रोग्राम काही उघडेना. मी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. नुसतीच एक सूचना यायची आणि जायची. गानिमच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तो आजारात कधी रडला नव्हता.

"थांब," धन्नून म्हणाला. "यंत्र काय करायचं? अक्षरं दाखवायचं, एवढंच ना? मी म्हणतो."

त्याने गानिमचा उजवा हात उचलून स्वतःच्या तळहातावर ठेवला, अंगठा तळव्याला टेकेल असा. आणि शाळेतल्या मुलासारखी अक्षरं म्हणायला लागला. अलिफ. बा. ता. हवं ते अक्षर आलं की अंगठा त्याच्या तळव्यात रुतायचा. धन्नून ते धरून ठेवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. शब्द जुळला की स्वतःच मोठ्याने बोलायचा. असं करत करत त्याच्याच तोंडून आलं, "आईच्या दिवसांना मी तुझा हात घेतला नाही."

"पुरे," धन्नून म्हणाला. "कळलं मला. पुरे झालं, दादा."

अंगठा रुतत राहिला. पुरे झालं नव्हतं. धन्नूनने नाक पुसलं आणि पुन्हा अलिफपासून सुरुवात केली.

"आता माझा द्यायचाय, तर तो हलत नाही."

धन्नूनने दुसरा हातही त्या हातावर ठेवला. मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले. आधीच घासलेली भांडी पुन्हा घासत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैसलून आली. तिने आदल्या दिवसाचं अपडेट काढून टाकलं, संगणक होता तसा मागे नेला. अक्षरं परत उजळायला लागली.

"मावशी," ती म्हणाली, "'नंतर' म्हणजे 'नको' नव्हे. तुझे 'नंतर' संपले की हा विचारायचंच सोडून देतो. चूक माझी. मी हे आधीच बंद करायला हवं होतं."

"अगदी आमच्या आत्यासारखा," धन्नून म्हणाला. "दोनदा नाही म्हटलं की ताट वाढूनच आणायची."

मैसलूनने सेटिंग उघडली आणि आम्हाला दाखवत काम केलं. आमचं इंटरनेट मोजून मिळतं अशी खूण केली, म्हणजे संगणक न विचारता मोठं काही उतरवून घेणार नाही. मग आतली अपडेटची सेवाच बंद केली, आपोआप सुरू होणार नाही अशी. संगणक चालू-बंद करून पुन्हा तपासलं, कारण ही सेवा कधीकधी गुपचूप जागी होते म्हणे.

"पण कायमचं बंद ठेवायचं नाही हं," ती म्हणाली. "अपडेट नसलं की चोराला वाट मिळते. अधूनमधून मी येईन. काका बोलत नसतील तेव्हा, बॅटरी जोडलेली असताना, आधी सगळ्याची प्रत काढून मीच बसवीन."

गानिमचा अंगठा चालू लागला होता. आम्ही सगळे गप्प झालो. निवेदक म्हणाला, "मैसलून, तू मला दोनदा जीभ दिलीस. देवाने एकदाच दिली होती."

"काका, पाप लागेल!" ती ओरडली आणि ओढणीत तोंड लपवलं.

धन्नून त्या दिवशीही गेला नाही. संध्याकाळी बाजारात जाऊन त्याने आमच्या इन्व्हर्टरला नवी बॅटरी आणली, स्वतः जोडली, आणि मग कुठे आपली गाडीत बसवली. आता दर शुक्रवारी तो किरकुकहून फोन करतो आणि "त्याला दे" म्हणतो. गानिमला एक वाक्य जुळवायला वेळ लागतो. धन्नून थांबतो. मध्ये कोणी बोलत नाही. त्या शांततेत मी दूर बसून भाजी निवडते आणि मनातल्या मनात देवाचे, मैसलूनचे, त्या धन्नूनचे आभार मानते.

वसंतात मैसलून ठरल्याप्रमाणे आली. बॅटरी तपासली, प्रत काढली, संगणकासमोर बसली आणि वळून विचारलं, "काका, अपडेट करू?"

आजवर हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. गानिमने सावकाश अक्षरं जुळवली.

"कर. पण आधी मला ताज्या कांद्याचा भाव सांग. मग तासभर गप्प बसतो."