जोडीचा फ्रिज

या, जरा पुढं सरकून बसा. मागं बसलात तर बारीकसारीक ऐकू यायचं नाही, आणि आजची गोष्ट सगळी बारीकसारीकच आहे. राजाची नाही, चमत्काराची नाही. एक देवदूत येतो तिच्यात, पण तो आपला दाराबाहेरच उभा राहतो. गोष्ट विदोसावाची आणि तिच्या फ्रिजच्या दाराच्या रबराची. मधेच उठू नका, एवढंच मागणं.

कागदाची पट्टी – वीजबिलाच्या पाकिटाची फाडलेली, बोटभर रुंद – फ्रिजचं दार आणि चौकट यांच्यामध्ये अडकलेली. ओढली की अडायला हवी. वरच्या बाजूला अडते, मुठीच्या बाजूला चांगलीच अडते, खाली थोडी कुरकुरते. पण बिजागरीच्या बाजूला लावली की अलगद हातात येते, जणू तिथं दार नाहीच. विदोसावाने पुन्हा लावली. पुन्हा ओढली. पुन्हा हातात. ही तपासणी मिलिसावची, तिच्या नवऱ्याची – दर वसंतात तो असा कागद घेऊन दाराभोवती फिरायचा, नाडी बघणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्याने, आणि ती म्हणायची, काय हो, जगेल का पेशंट… त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. पेशंट आहे.

बर्फाच्या कप्प्यात पिंजलेल्या कापसासारखा बर्फ साचलाय. भाजीच्या खणात पाणी. मोटर चालूच, दम घ्यायला थांबतच नाही. कॉम्प्रेसर ठणठणीत, गॅस ठणठणीत, थर्मोस्टॅट मिलिसावने स्वतः बदललेला, फक्त रबर. बिजागरीकडच्या कोपऱ्यात ते कडक होऊन चिरलंय आणि चिरेतून आतली चुंबकाची काळी पट्टी दिसतेय. आज मंगळवार. शनिवारी घराण्याच्या संताचा दिवस, संत अरांजेलचा, देवदूतांच्या सरदाराचा. वीस माणसं जेवायला. डुकराच्या पायांचा रस्सा थिजवायचा, मेयोनेजमधलं सॅलड, तीन केक – सगळं थंडीवर जगणारं. एरवी नोव्हेंबरात गॅलरीच फ्रिज असते, पण यंदा टिमोक नदीवरून वारा येतोय तो सप्टेंबरातला. गॅलरीत काल दूध फाटलं.

दुशित्सा, मुलगी, फोनवर परदेशातून, लिंझहून, म्हणाली होती, "आई, नवीन घे ना गं. मी पाठवते पैसे. तो डबा तू अजून सांभाळतेस!"

"डबा नाही, फ्रिज आहे. रबर गेलंय नुसतं. तुझ्या बुटाचा तळ गेला तर पाय बदलतेस का?"

दुशित्सा हसली होती. विदोसावाला बरं वाटलं होतं, आपण अजून हसवू शकतो याचं. पण खरं कारण ते नव्हतंच. खरं कारण… असो.

बाजारामागे झिवोताचं दुकान आहे, दुरुस्तीचं. झिवोताने मॉडेलचा आकडा तिच्या तोंडून नुसता ऐकला आणि डोळे मिटले, एखाद्या जुन्या मैत्रिणीचं नाव कानावर यावं तसे.

"विदोसावाकाकू, हा तुमच्यापेक्षा तरुण आहे, पण कारखाना त्याला विसरला. तो कारखानाच आता दुसऱ्या देशात गेला."

"कारखाना हलला नाही रे, देश फुटून हद्द हलली. रबर आहे का सांग."

"तयार नाही. मीटरवर मिळतं, कोपरे कापून चिकटवून आणायचं. दोन आठवडे."

"शनिवारी अरांजेल आहे."

"मग त्यालाच सांगा, पंख आहेत त्याला, पटकन घेऊन येईल." मग त्याने हात पुसले, आणि न बघता म्हणाला, "याच्याच जोडीचा एखादा शोधा की. कुणाच्या भंगारात असेल. कुणाच्या कोंबड्यांच्या शेडात असेल. मी नाव घेत नाही."

मीही घेत नाही, तिच्या मनात आलं. अकरा वर्षं कुठं घेतलंय.

जोडीचा… दोघे भाऊ एकाच दिवशी फ्रिज आणायला गेले होते, मिलिसाव आणि त्याचा थोरला द्रागुतिन, कामगार संघटनेच्या यादीत दोघांचे नंबर पाठोपाठ होते म्हणून. एकाच ट्रकमधून दोन फ्रिज आले, दोरीने बांधलेले, भाऊ मागे उभे, एकेकाला धरून. एक इथं उतरला, दुसरा नदीपलीकडे, जाऊबाईंकडे. स्टानिका जाऊबाईंनी आपल्या फ्रिजवर त्याच संध्याकाळी विणलेला रुमाल घातला होता, आणि मी दुसऱ्या दिवशी घातला, आणि मला राग आला होता की मला आधी का सुचलं नाही. असला राग किती गोड असतो, ते तेव्हा कळत नाही.

घरी यायच्या ऐवजी ती पुलावर आली होती. पाय आपोआप आले असं म्हणायला तिला आवडलं असतं, पण पाय बिचारे सांगतील तिकडे जातात. तिनेच सांगितलं होतं. पुलाच्या मध्यावर ती थांबली, आणि जे ती रोज कशाच्या तरी मागे ढकलून ठेवायची – पिठाच्या डब्यामागे, औषधांमागे – ते समोर येऊन उभं राहिलं.

मिलिसाव सप्टेंबरात गेला. नोव्हेंबरात अरांजेलचा दिवस. तेव्हा दोन्ही भावांचा सण एकच असायचा, एक वर्ष यांच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. त्या वर्षी पाळी तिची होती. आणि तिने गहू शिजवला. सगळ्या संतांना शिजवतात तसा, साखर, अक्रोड, वर पिठीसाखरेचा क्रॉस. पण अरांजेलला या गावात शिजवत नाहीत, अरांजेल जिवंत आहे ना, देवदूताला कुठलं मरण, आणि गहू तर मेलेल्यांच्या नावाचा. पाद्री म्हणाले होते, शिजव खुशाल, गहू संतासाठी नसतो, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी असतो, आणि तुझ्या घरातलं माणूस आत्ताच गेलंय. तिला दुसरं काहीच करता येत नव्हतं मिलिसावसाठी. गहू तरी.

दारात पाहुण्यांच्या देखत गव्हाचा चमचा पुढं केला तेव्हा स्टानिका म्हणाली, "आमच्या घरात अरांजेलला गहू होत नाही. तो जिवंत आहे. तू आता कुणाला पुरायला निघालीस?"

आणि जानेवारीत द्रागुतिन गेला. अंगणात बर्फ काढताना, फावड्यावरच.

त्या गव्हाने नेला त्याला – हे स्टानिका कधी बोलली नाही. कुणीच बोललं नाही. तरी विदोसावाने ते वाक्य अकरा वर्षं ऐकलं, स्टानिकाच्याच आवाजात, तिच्या त्या 'ने'वर जोर देण्याच्या लकबीत. पुढच्या वर्षापासून दोन घरी सणाच्या दोन मेणबत्त्या लागल्या. देवळात एक खांबाच्या उजवीकडे उभी राहायची, दुसरी डावीकडे, आणि खांब बिचारा छप्पर सोडून या दोघींना पेलत बसायचा.

खरं कारण हे. रबर म्हणजे जाऊबाई. म्हणून तर महिनाभर चिकटपट्टी लावली, व्हॅसलीन चोळलं, गरम पाण्याचं फडकं ठेवलं. सगळं केलं, पुलावर येण्याखेरीज. आणि आता जर तिने दारातच ते वाक्य म्हटलं तर… इतके दिवस निदान ते माझ्याच डोक्यात होतं. तिच्या तोंडून आलं तर ते कायमचं खरं होईल. परत फिरावं. थिजवलेला रस्सा नाही केला म्हणून कुणी उपाशी मरत नाही.

फाटक उघडंच होतं. स्टानिका अंगणात लाल मिरच्यांच्या माळा उतरवत होती, एक पाय स्टुलावर टेकवून. गुडघा सुजलेला दिसत होता.

"जाऊबाई," विदोसावा म्हणाली, आणि पुढचं तयार केलेलं सगळं विसरली. "माझ्या फ्रिजचं रबर गेलं."

स्टानिकाने तिच्याकडे बघितलं. केस किती पांढरे झाले ते मोजत असावी.

"बिजागरीकडचं?"

"हो."

"माझंही आधी तिथंच गेलं होतं. ये. चपला काढू नकोस, शेडातच जायचंय."

घरात नेऊन तिने चमचाभर मुरंबा आणि पाण्याचा पेला पुढं केला असता, तर विदोसावा तिथूनच परतली असती. मुरंबा पाहुण्यांना देतात. स्टानिकाने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून तिच्या हातात दिला.

"माझ्याने वाकवत नाही. तू काढ."

शेडात फ्रिज उभा होता, तोच, पाय विटांवर, आत मक्याचे दाणे. उंदीर शिरत नाहीत म्हणून. विदोसावाने दार उघडलं तेव्हा ते हलकेच चिकटलं, मग सुटलं, तोच आवाज, ओठांचा. रबर मऊ होतं. बोट दाबलं की परत वर येणारं.

"द्रागुतिनने बदललं होतं," स्टानिका मागून म्हणाली. "त्या उन्हाळ्यात. जानेवारीत तो गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात मशीन बसलं. म्हणजे रबर वर्षभरच वापरलेलं."

जानेवारी. तो शब्द आला आणि शेडात उभा राहिला. विदोसावा दाराच्या आतल्या कडेचे स्क्रू ढिले करत राहिली, एक, दोन, तिसरा गंजलेला – आता म्हणेल. आता. एक कोंबडी येऊन पायाशी सांडलेले दाणे टिपू लागली.

"अगं, सगळे काढू नकोस, आतलं प्लास्टिक खाली येईल," स्टानिका म्हणाली. "ढिले कर नुसते. रबराची कड त्यांच्या मागून सुटते. मिलिसावने शिकवलं नाही?"

"तो शिकवायचा नाही. स्वतःच करायचा."

"हाही तसलाच. दोघेही तसलेच. आपल्याला वाटायचं, लाड करतायत. अडाणी ठेवून गेले."

विदोसावाला हसू आलं आणि ते तिने स्क्रूवर खर्च केलं. रबर सुटत आलं, मोठ्या चौकोनी माळेसारखं, धुळीचा आणि मक्याचा वास असलेलं. तिने ते खांद्यावर घेतलं.

"गुंडाळू नकोस, घडी बसली की मेलं. तशीच जा खांद्यावर घेऊन. बघू देत लोकांना." मग स्टानिकाने मिरच्यांच्या माळेतली एक तुटकी मिरची वेगळी काढली आणि त्या मिरचीकडेच बघत म्हणाली, "शनिवारी ये म्हणशील तर माझ्याकडेही शनिवारीच आहे."

"मी कुठं म्हटलं ये म्हणून."

"नाही म्हटलंस. मी आपलं सांगून ठेवलं." आणि विदोसावा फाटकाशी पोचली तेव्हा, मागून, मोठ्याने, शेजारणीला ऐकू जाईल असं, "आणि गव्हात त्या वेळी अक्रोड कमी घातले होतेस!"

पूल ओलांडेपर्यंत तिला ते वाक्य नुसतं टोमण्यासारखं लागत होतं. अक्रोड कमी. बरोबर आहे, कमीच होते, अर्धे खवट निघाले होते त्या वर्षी, औषधपाण्याच्या धावपळीत कुणी बघितलेच नव्हते… आणि मग नदीकाठच्या चढावर, खांद्यावर रबर, ती थबकली. अक्रोड वरून दिसत नाहीत. वरून पिठीसाखर असते. चमचा तर तिने ढकलला होता, दारात, सगळ्यांसमोर. मी पाहिला होता तो चमचा, भरलेला, तसाच परत आलेला. मग कधी? स्वयंपाकघरात, मी पाहुण्यांत असताना, उभ्या उभ्या? की निघताना, ताटलीतला उरलेला? खाल्ला होता तिने. मिलिसावच्या नावाचा गहू स्टानिकाने खाल्ला होता, आणि दोन महिन्यांनी द्रागुतिन गेला होता, आणि ते तिने कुणाला सांगितलं असेल? अकरा वर्षं त्या पांढऱ्या केसांखाली कुठलं वाक्य ऐकत असेल ती, आणि कुणाच्या आवाजात?

परत जाऊन विचारावं असं वाटलं. गेली नाही. काही गोष्टी विचारल्या की त्यांची घडी बसते.

घरी तिने रबर कोमट साबणाच्या पाण्यात धुतलं, टॉवेलने कोरडं केलं, आणि आधी चार कोपरे बसवले, मग मधला भाग अंगठ्याने सरकवत नेला. बिजागरीकडे एक जागा फुगून राहिली. हेअर ड्रायर लावून ती तिथं दोन मिनिटं धरून राहिली, ऊब लागली तसं रबर नरमलं, आपण होऊन थोडं पुढं आलं. पूर्ण नाही. रात्रभरात बसेल, किंवा नाही बसणार. सकाळी बघू.

उद्या पाद्री सणाआधी घरात पाणी मंतरायला येतील, त्यांना प्रार्थनेत घ्यायच्या नावांची चिठ्ठी द्यायची. तिने वहीतलं पान घेतलं, मधोमध रेघ मारली, डावीकडे जिवंत, उजवीकडे गेलेले. उजवी बाजू भराभर भरली, मिलिसाव, द्रागुतिन, आईवडील, सासूसासरे. डावीकडे दुशित्सा, जावई, नातवंडं. अकरा वर्षं ती इथंच पेन ठेवून द्यायची, कारण जे नाव पुढं यायला हवं ते कुठल्याच बाजूला बसत नव्हतं. जिवंतांत लिहायला हात तयार नाही, आणि उजवीकडे… नाही, ते पाप तिने केलं नाही, मनातसुद्धा नाही, बहुतेक नाही. आज तिने पेन ठेवलं नाही. क्षमा केली का, मागितली का, देणं कुणाचं आणि घेणं कुणाचं, यातलं काही तिला कळलेलं नव्हतं, आणि कळेल असंही वाटत नव्हतं. एवढंच कळत होतं की नदीपलीकडे एक बाई एका पायावर भार देऊन उभी आहे आणि तिच्या चिठ्ठीत डाव्या बाजूला माझं नाव आहे की नाही हे मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नसताना लिहायचं असतं. तिने लिहिलं. स्टानिका. अक्षर जरा वाकडं आलं.

झालं, एवढीच गोष्ट. आता घरी जाऊन दिवा लावाल, आपापल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी एक जास्तीचं घ्या माझ्यासाठी, नदीपलीकडच्या स्टानिकाचं. तिचा गुडघा फार दुखतो. आणि बघा हं, जिवंतांच्या बाजूला घ्या.