वळणावरची बाग

डेपोत मला सगळे सरळमामा म्हणायचे. सत्तावीस वर्षं बस चालवली, पण गाडीला कधी एक ओरखडा उठू दिला नाही. स्टिअरिंगवर बसलं की गाडी आणि रस्ता सोडून कशाकडे बघायचं नाही, ओळखीचं माणूस दिसलं तरी मान वळवायची नाही, हा माझा नियम. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी प्रशस्तिपत्रक हातात दिलं तेव्हाही मी म्हणे नाकासमोरच बघत होतो. ही गोष्ट बायकोने नातेवाइकांत इतक्या वेळा सांगितली की शेवटी मीच हसायला लागलो.

आता तिला ती आठवत नाही. दोन वर्षं झाली, शेवटच्या थांब्याकडे जाताना गाडी रिकामी होत जाते तसं तिचं डोकं रिकामं होत चाललं आहे. आधी शेजारणीचं नाव गेलं, मग गॅस बंद करणं गेलं. मधूनमधून मीही जातो. एक मागणी मात्र पक्की होती. सकाळचा चहा झाला की ही चपला घालून दारात उभी.

"चला ना, आपल्या बागेत जाऊ."

आपली बाग कुठली, हे मला ठाऊक असतं तर प्रश्नच नव्हता. रविवारी मी हटकून जादा ड्यूटी घ्यायचो. लेकीला बागेत नेणं, तिचे फुटलेले गुडघे धुणं, हे सगळं हिच्याकडे. "कुठली गं बाग?" असं विचारलं तर माझी कीव आल्यासारखी बघायची.

"शहरातली सगळ्यात चांगली. दुसरी कुठली?"

मग मी पेपरात आलेली यादी कापून खिशात ठेवली. शहरातल्या उत्तम बागा, एकूण नऊ. ड्रायव्हरच्या हातात यादी दिली की तो एकही थांबा चुकवत नाही. रोज एक बाग, सोबत थर्मास, भाजलेले शेंगदाणे आणि हिचा स्वेटर. गुलाबांच्या बागेत ही प्रत्येक झाडाशी वाकून बोलली. तळ्याच्या बागेत बदकांना शेंगदाणे टाकले म्हणून रखवालदार ओरडला, तर हिने त्यालाच मूठभर दिले. काचघराच्या बागेत उकडून जीव गेला. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती. इतकी वर्षं याच बागांच्या कुंपणाबाहेरून गाडी हाकली आणि आत काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. बाकावर हिच्या शेजारी बसून हिच्या तोंडाकडे निवांत बघणं, हेही नवीनच होतं.

पण निघताना ही दर वेळी म्हणायची, "छान आहे हो. पण ही आपली नाही."

नववी बाग कारंज्यांची. शहरातली एक नंबरची, असं यादीत ठळक छापलेलं. तिथेही हिने तेच ऐकवलं आणि माझं डोकं फिरलं. चारचौघांत मी ओरडलो, "मग कुठे आहे तुझी बाग?" ही कान झाकून बाकाच्या टोकाला सरकली. घरी येईपर्यंत तिने माझा हात धरला नाही. मला माझीच लाज वाटली.

लेक दुसऱ्या गावी नर्स आहे. तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला आणि विचारलं, "लहानपणी आई तुला कुठल्या बागेत न्यायची?"

तिकडून डबा बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"बाबा, बाग कसली? डेपोच्या अलीकडे वळणावर तो गवताचा त्रिकोण आहे ना, दोन बाक आणि एक नळ? तिथे."

"तिथे? तिथे तर झोपाळासुद्धा नाही."

"नाही. पण दर चाळीस मिनिटांनी तुमची गाडी तिथून वळायची. आम्ही हात करायचो. तुम्ही कधी बघितलं नाहीत."

"मग सांगायचं नाही का मला?"

"आईने बजावलं होतं. म्हणायची, सांगितलं की ते बघायला लागतील आणि त्यांचं गाडीवरचं लक्ष उडेल. एखाद दिवशी आपणहून बघतील."

त्या वळणावर गाडी डावीकडे घेताना मागचं बूड उजवीकडे फेकलं जातं, म्हणून ड्रायव्हरने उजव्या आरशात बघायचं असतं. त्रिकोण डाव्या हाताला आहे. नवीन पोरांना हे मीच शिकवायचो, आणि कुणाची नजर डावीकडे गेली तर खांद्यावर चापट मारायचो.

दुसऱ्या दिवशी हिला तिथे नेलं. गवत वाळलेलं, एक बाक मोडका, नळाला पाणी नाही. ही लगबगीने धड बाकावर जाऊन बसली, अगदी टोकाला, बाजूला एका लहान मुलीपुरती जागा सोडून. मी त्या जागेत बसायला लागलो तर हिने वर पाहिलं.

"भाऊ, जरा पलीकडे बसता का? इथे आमची मुलगी बसते."

पस्तीस वर्षांच्या संसारात तिने मला 'अहो'शिवाय कशाने हाक मारली नव्हती. मी पलीकडे सरकलो.

गाडी आली. ही उठून उभी राहिली आणि हात उंच करून हलवायला लागली. ड्रायव्हर मीच शिकवलेला. उजव्या आरशात बघत त्याने सफाईने गाडी वळवली आणि निघून गेला.

"नाही बघितलं," ही बसत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "ते आमचे हे. कामात असले की असेच. पुढच्या फेरीला बघतील."

मी थर्मासमधला चहा ओतून दिला, तो तिने परक्याचा घ्यावा तसा संकोचून घेतला. चाळीस मिनिटं आम्ही बसून राहिलो. मग गाडी वळणाशी दिसली, तशी ही उठली. तिच्याबरोबर मीही उठलो आणि हात वर केला.

ड्रायव्हर उजव्या आरशात बघत होता.