एकरी बारा पोती

मी दिल्लीत एका परदेशी दूतावासात अर्थतज्ज्ञ आहे. देशाचं नाव सांगायची परवानगी नाही, आणि नाही सांगितलं तरी आमच्या एकोडी गावात कोणाचं काही अडणार नाही. त्या देशात भात पिकत नाही, पण खातात भरपूर. त्यामुळे भारतात यंदा धान किती होणार हे त्यांना लवकर कळायला हवं असतं. ते कळवण्याचं काम माझ्या मॅडमचं, म्हणजे आर्थिक विभागाच्या प्रथम सचिवांचं. त्या कळवतात, लिहितो मी.

आमच्या लिहिण्याचा एकच नियम. वाक्य असं हवं की उद्या धान बुडालं तरी आपण बरोबर आणि पिकलं तरी आपणच बरोबर. अकरा वर्षं मी हे करतोय आणि यात माझा हात धरणारा कोणी नाही.

यंदा मॅडमना एक ‘प्रातिनिधिक शेतकरी’ प्रत्यक्ष भेटायचा होता. असा शेतकरी निवडायचं शास्त्र असतं, ते मी शिकलेलोही आहे. पण मी सरळ बाबांना फोन लावला. आळस, दुसरं काय!

“पंचनाम्याले येऊन राहिले का?” बाबांनी विचारलं.

“नाही बाबा. पीक किती झालं एवढंच विचारायचंय.”

“तेच तं!” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आम्ही जाणार त्याच दिवशी दुपारी कैलाशला बघायला लाखनीचे पाहुणे येणार होते, हे सांगायचं मात्र ते विसरले. कैलाश माझा धाकटा भाऊ. वय तेहतीस, शेती तोच करतो. चार ठिकाणांहून नकार आला होता, कारण एकच, नोकरीवाला पाहिजे. माझं लग्न ‘दूतावास’ या एका शब्दावर जमलं होतं, आणि मी तिथे नेमकं काय करतो हे सासऱ्यांना अजून कळलेलं नाही. हे पाचवं ठिकाण मोडलं तर पुन्हा कोणासमोर बसणार नाही, असं कैलाशनं मला सांगून टाकलं होतं. पोरगा माझ्यापेक्षा दहापट चांगला, पण बाजारात भाव माझ्याच नोकरीला.

दूतावासाची निळ्या नंबरप्लेटची गाडी दारात थांबली तेव्हा बाबा फाटकी बंडी घालून सपरीत, म्हणजे ओसरीत, बसले होते. मी मॅडमचा प्रश्न मराठीत विचारला. बाबांनी डोळ्याला दुपट्टा लावला.

“काय सांगू जी, तुडतुड्यानं सारं खाल्लं. एकरी चार पोते. तेही पोचट.”

मॅडमनी वहीत चारचा आकडा लिहून खाली दोन रेघा ओढल्या. आमच्याकडे गाडीतून उतरून पीक विचारणारा माणूस नुकसानीच्या पंचनाम्यालाच येतो, आणि त्याला काय सांगायचं हे साऱ्या गावाला पाठ आहे. हे मला ठाऊक होतं. दिल्लीत राहून मी ते विसरलो, याची मला आजही चीड येते.

तेवढ्यात पाहुणे आले, ठरल्यापेक्षा तासभर आधी. हायवेवर टायरचं दुकान असलेले राजकुमारजी आणि त्यांची मुलगी रूपा. ती स्वतः घर बघायला आली होती. बाबा आत पळाले आणि इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले.

“धान कसं झालं जी यंदा?” राजकुमारजींनी टेकता टेकता विचारलं.

“गंज झालं, भरपूर झालं! एकरी वीस पोते. ढोली पाहा ना, तोंडापर्यंत भरली आहे.”

धान साठवायची ती बांबूची ढोली खरंच भरलेली होती. वरचं धान शेजारच्या चिंधूकाकांचं होतं, एवढंच.

मॅडमना हिंदी आकडे येतात. ‘वीस’ त्यांनी बरोबर टिपलं आणि माझ्याकडे पाहिलं. शेतकरी दीर्घकालीन दृष्टीनं आशावादी आहे, असं मी इंग्रजीत सांगितलं.

राजकुमारजींची नजर मात्र वहीवर गेली होती. “हे चार कायचं जी?” मग ते माझ्याकडे वळले. “तुम्ही तं यातले मोठे जानकार. तुम्हीच सांगा, खरं किती?”

कैलाश पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. मी घसा साफ केला.

“त्याचं असं आहे, उत्पादनाचा एकंदर कल समाधानकारक असला, तरी काही स्थानिक घटक लक्षात घेता…”

“नऊ,” कैलाश म्हणाला. “एकरी नऊ पोते झाले. तुडतुडा लागला हे खरं आहे. ढोलीतलं वरचं धान चिंधूकाकाचं आहे, उद्या वापस करतो.”

बाबांनी कपाळाला हात लावला. घालवलं यानं पाचवं ठिकाण, तेही स्वतःच्या तोंडानं, असं मला वाटलं.

“पुढच्या साली काय लावाल?” रूपानं थेट त्यालाच विचारलं.

“धानच. दोन एकरात वांगे लावून पाहीन म्हणतो. जमन का नाही, माहीत नाही.”

रूपा बापाकडे वळली. “बाबा, माह्याकडून हो आहे.”

राजकुमारजी हसले. “दुकानात दिवसभर गॅरंटी देनारेच भेटतात जी. ‘माहीत नाही’ म्हननारा आजच पाहिला.”

दिल्लीला परतल्यावर मॅडमनी वही उघडली. चार आणि वीस, दोन्ही कुटुंबप्रमुखानं सांगितलेले, म्हणून दोन्ही ग्राह्य. नऊ सांगणाऱ्याला कोणी अधिकृतपणे विचारलंच नव्हतं. “सरासरी काढा,” त्या म्हणाल्या. मी बारा लिहिले आणि अहवाल गेला.

आठवड्यानं बाबांचा फोन आला. लग्न फाल्गुनात धरलं होतं. आवाजात आनंद मावत नव्हता. मग सहज त्यांनी विचारलं, “तुह्या मॅडमनं किती लिहिले?”

“बारा.”

“बारा कोन म्हनलं होतं?”

“कोणीच नाही.”

“मंग खाली सही कोनाची?”

“माझी.”

“योगेंद्र, मी चार म्हनलो, वीस म्हनलो,” बाबा म्हणाले, “पन मी कुठंच सही नाही केली रे.”