म्हसोबाला वळसा

राजारामपुरीत माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. एवढं सांगितलं की समोरचा माणूस मला हुशार समजतो आणि मीही त्याचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही. गावाकडं, गगनबावड्याच्या रस्त्याला, माझ्या वाटणीचं एक रान आहे. रविवारी मी तिथं जातो, बांधावर उभा राहून चार फोटो काढतो आणि ते 'मातीशी नातं' असं लिहून स्टेटसला टाकतो. पेरणी, भांगलण, मळणी हे किरकोळ तपशील माझे काका गणपतराव बघतात.

काकांची मुलगी संयोगिता माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. शेतीचा डिप्लोमा करून ती शिरोलीच्या एका शोरूममध्ये टेबलामागं बसून ट्रॅक्टर विकायची. एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "दुसऱ्यास्नी किल्ल्या देऊन दमलो मी. आता आपुन चालवणार." आमच्याकडच्या पोरी 'दमलो'च म्हणतात, त्यात काही चुकलं नव्हतं. काकांना खटकलं ते पुढचं वाक्य.

झालं होतं असं, की गावातल्या शेतकरी गटानं जीपीएसवर चालणारं पेरणीयंत्र आणलं होतं आणि ते चालवायला कुणी पुढं येत नव्हतं. संयोगिता आली. गटाची अट एकच होती : या पेरणीला गावानं मशीन वापरलं तर ते गावात राहील, नाहीतर शेजारच्या गावाच्या गटाला जाईल. काकांनी त्यात आपली अट जोडली. "मशीन गेलं की तू बी शोरूमला जायाचं. परत ह्यो इषय घरात काढायचा न्हाय." पोरगी 'बरं' म्हणाली आणि शोरूमचा राजीनामा देऊन मोकळी झाली.

पण रान कुणी देईना. पिराजीतात्या तर पारावर बसून जाहीर चेष्टाच करायचे. ते बोलले की निम्मं गाव त्यांचं ऐकतं आणि उरलेलं निम्मं ऐकल्यासारखं करतं. "सोयाबीन ह्या शिवारात आलं तवापास्नं एकरी तीस किलो बी पडतंय," ते म्हणायचे. "आता ही पोरगी म्हंती हितं कमी टाका, तितं जास्त टाका. बी हाय का मीठ हाय, चवीनं घालायला?"

शेवटी मी माझं रान दिलं. यात मोठेपणा काही नव्हता. नाहीतरी मला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळं काळजीही वाटत नव्हती. पण पारावर दोन-चार जणांनी "राजवर्धन शिकलेला गडी, त्येला कळतंय" असं म्हटलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

संयोगितानं मला सगळं समजावून सांगितलं. ट्रॅक्टरच्या टपावर एक डबी असते, ती उपग्रहांचं ऐकते आणि स्टेअरिंग आपोआप फिरवते, म्हणून ओळी सरळ पडतात. त्याशिवाय रानाचा नकाशा मशीनमध्ये भरायचा. माझ्या रानात ओढ्याकडची माती काळी, तिथं सोयाबीन फांद्या फोडून पसरतं, म्हणून बी कमी. वरच्या अंगाला मुरूम, तिथं रोप खुरटं राहतं आणि उगवणही मार खाते, म्हणून बी जास्त. त्या-त्या जागी बी सोडणारी मोटर आपोआप हळू किंवा जोरात फिरते. मी मान डोलावत होतो. क्लासमध्ये माझे विद्यार्थी ज्या वेळी असे मान डोलावतात त्या वेळी त्यांना काय कळलेलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे.

सगळ्यात आधी जीपीएसची काठी हातात धरून बांधाबांधानं चालायचं होतं, म्हणजे रानाची हद्द मशीनला कळते. संयोगिता म्हणाली, "मी चालतो." मी म्हणालो, "माझं रान आहे, मीच चालणार." तिला बियाण्याला औषध चोळायचं होतं, पावसानंतर पेरणीजोगा वाफसा आला होता, वेळ नव्हता. तिनं काठी माझ्या हातात दिली.

मी चाललो. काय रुबाबात चाललो! एका हातात काठी, दुसऱ्या हातानं सेल्फी. वरच्या कोपऱ्यात करंजाच्या झाडाखाली आमचा म्हसोबा आहे, शेंदूर लावलेला एक धोंडा. पेरणीच्या आधी त्याला पाच प्रदक्षिणा घातल्याशिवाय आमच्या घरातला माणूस पुढं पाऊल टाकत नाही. आईनं लहानपणी लावलेली सवय. पायांना ती माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मी चपला काढल्या. काठी बांधाला टेकवून ठेवणार होतो, पण एवढी महागाची वस्तू, कुणी उचलून नेली तर? म्हणून ती हातातच धरली आणि झाडासकट म्हसोबाला पाच प्रदक्षिणा घातल्या. मग चपला घातल्या आणि उरलेला बांध चालून आलो.

संध्याकाळी संयोगितानं मशीनच्या पडद्यावर नकाशा बघितला. रानाच्या कडा सरळ होत्या, पण एका कोपऱ्यात रेघेची गाठ बसली होती.

"दादा, हितं काय झालंय?"

मी गाठीकडं बघितलं. खरं सांगायचं तर मला काही उमगलं नाही. पण कॉम्प्युटरचा क्लास असलेल्या माणसानं पडद्याकडं बघून 'कळत नाही' म्हणायचं म्हणजे धंदा बंद करायची वेळ. म्हणालो, "तिथं बांध जरा वाकडा आहे."

"एवढा?"

"जुना बांध आहे गं."

"तू सोता चाललायस न्हवं? मग बरोबर आसंल," ती म्हणाली आणि बियाण्याकडं वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात जत्रा भरली. पिराजीतात्या हाताची घडी घालून उभे होते. काका सगळ्यांच्या मागं, जणू त्यांचा या प्रकाराशी संबंधच नाही असे. आमच्या भावकीतल्या म्हाताऱ्या चिमणाबाईनं ट्रॅक्टरला हळदकुंकू लावलं. मी छोटंसं भाषण केलं. त्यात 'उपग्रह' हा शब्द गरजेपेक्षा बराच जास्त वेळा आला.

संयोगितानं ट्रॅक्टर चालू केला, यंत्र जमिनीला टेकवलं आणि स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. स्टेअरिंग आपलं आपण फिरायला लागलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. पहिला फेरा बांधाच्या कडेकडेनं होता. मी ट्रॅक्टरच्या बाजूनं चालत लोकांना समजावत होतो, "बघा, इंचाचाही फरक पडत नाही. जिथं सांगितलंय तिथंच जाणार."

गेलाच. वरच्या कोपऱ्यात ट्रॅक्टरनं तोंड वळवलं आणि तो म्हसोबाकडं निघाला. संयोगितानं यंत्र वर उचललं, बी पडायचं थांबलं, पण स्टेअरिंगला हात लावला नाही. दादानं सांगितलं होतं ना, बांध वाकडा आहे. ट्रॅक्टरनं करंजाला वळसा घातला. पूर्ण गोल. आणि दुसरा सुरू केला.

चिमणाबाईनं हात जोडले. "म्हसोबा पावला गं बाई!"

बघता बघता सगळ्यांच्या चपला निघाल्या, टोप्या निघाल्या. दुसऱ्या वळशात संयोगितानं ब्रेक दाबला. त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अजून तीन वळसे बाकी होते, हे त्या गर्दीत फक्त मला आणि मशीनला माहीत होतं.

"काय गा राजवर्धन," पिराजीतात्या म्हणाले. त्यांची टोपीसुद्धा हातात होती. "हे बी मशीनच करतंय व्हय?"

आता खरं बोलायची वेळ होती. मी म्हणालो, "हो तर. यात देवस्थान ओळखायची सोय आहे."

मग काय विचारता! "आमच्या बांधाला बिरोबा हाय, आमच्याकडं आणा." "आमच्या हिरीवर साती आसरा हायत, तितं फिरंल का?" लोक संयोगिताला सोडून मलाच पेरणीचा नंबर मागायला लागले. काका मागून पुढं आले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, चला, म्हसोबानं लाज राखली, पोरीचं काम झालं.

पोरगी ट्रॅक्टरवरून उतरली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मला माझ्याच क्लासमधल्या शेवटच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं. गप्प राहिली असती तर त्या सकाळी तिचा अख्खा हंगाम भरला असता. तिनं पडदा काढून आणला आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढं धरला.

"दादा, हितं तू काय केलतंस?"

"काही नाही. पाया पडलो."

"कसा?"

"प्रदक्षिणा घातल्या. पाच."

"आन् काठी?"

"हातात होती."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं रान हसायला लागलं. चिमणाबाईनं जोडलेले हात हळूच सोडले. मला म्हाताऱ्या माणसाचं वाईट वाटलं. काकांचं हसू गेलं, ते खाली मातीकडं बघायला लागले. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण वाफसा असला तरी जमीन एवढी मऊ नव्हती.

"ह्याला देव कळत न्हाय," संयोगिता लोकांना म्हणाली. "बांध बी कळत न्हाय. आपुन सांगू ते करतंय. दादानं चुकीचं सांगितलं, मी तपासलं न्हाय, म्हणून हे आसं झालं. देवासाठी मशीन लावणार आसशीला तर नको. पेरणीसाठी लावा."

नंबर मागणारे दोन-चार जण चपला घालून निघालेसुद्धा. पिराजीतात्या मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"म्हंजी ह्यो पाच येढं फिरला तर ते बी पाच येढं फिरणार?"

"व्हय."

"आन् बी कमी टाक म्हटलं तर कमीच टाकणार? स्वतःचं डोस्कं चालवणार न्हाय?"

"न्हाय तात्या."

"माझ्या घरात आजपतूर एकानं बी सांगितल्यालं ऐकलं न्हाय," तात्या म्हणाले. "पेर बघू."

संयोगितानं नकाशातली गाठ पुसली. कोपऱ्याची हद्द स्वतः बांधाला धरून ट्रॅक्टर चालवून पुन्हा आखली, म्हसोबाला बाहेर ठेवून. मग रान पेरलं. ओळी अशा पडल्या की माझी बोलती बंद झाली, आणि त्याचाही सगळ्यांना फायदाच झाला. पिराजीतात्या ओढ्याकडं गेले, खाली बसून बोटानं ओळ उकरली. बी लांब लांब होतं. वर मुरमात जाऊन उकरली. तिथं दाट होतं. असं त्यांनी तीन-चार ठिकाणी केलं. प्रत्येक वेळी आधी संयोगिताला विचारायचे, इथं किती, आणि मग उकरायचे. काका त्यांच्या मागं मागं.

शेवटी तात्या उठले, हात झटकले. "उद्या माझं रान घे पोरी. पर बांधानं तू चाल." मग माझ्याकडं बोट केलं. "आन् ह्या पावण्यास्नी घरात बशीव. च्या पाज, जेवायला घाल. बांधावर आणू नगोस."

लोक पुन्हा हसले. मीही हसलो, थोडा उशिरा. ज्या मातीशी नातं असल्याचं मी दर रविवारी जगाला कळवत होतो, त्या मातीत उभं करून मला पावणा म्हटलं गेलं होतं. मनाला फार लागलं.

काकांनी कुणाकडंही न बघता विचारलं, "डिझेल हाय का उद्याला? का मी आणू?"

संयोगितानं बापाकडं बघितलं. शोरूमचा विषय संपला, हे तिला कळलं, मला कळलं आणि काकांनाही कळलं असावं, कारण ते लगेच दुसरीकडं बघायला लागले. तिनं डोळे पुसले आणि पिराजीतात्यांकडं वळली.

"तात्या, पावणं का म्हंतासा त्येला? गावात कुणी रान देत न्हवतं, तवा त्यानं दिलं."

काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं.

"बांधावर त्यो येणार न्हाय," संयोगिता म्हणाली. "त्येची जबाबदारी माझी."