आतल्या खोलीतली थरथर

मुलांनो, जरा डोळे मिटा. एका खोलीला दोन दारं आहेत असं समजा. दोन्ही दारांबाहेर एकेक माणूस ढोलकी वाजवतोय, पण दोघांची लय अगदी एकसारखी नाही. मध्ये एक दारवान. तो एकच दार उघडतो, दुसरं लावून घेतो. आत बसलेल्या तुम्हाला एकच ढोलकी ऐकू येईल ना? नीट कान द्या बरं.

असा दारवान नखाएवढ्या चिपमध्येही असतो. १९८३ साली धंतोलीत एका घराच्या तळमजल्यावर आनंदरावांचा लहानसा कारखाना होता. तिथं टेलिफोनच्या यंत्रांना ठोके पुरवणाऱ्या पेट्या बनत. पेटीला दोन घड्याळं जोडायची. काटे नसलेली, सेकंदाला लाखो ठोके देणारी. पेटीवरचा खटका ज्या घड्याळावर असे त्याचेच ठोके चिप पुढं सोडी आणि ते बिघडलं तर दुसऱ्याचे.

पेट्या जोडायचं काम प्रेमिलाबाईंचं. पेटी झाली की चाकांच्या गाड्यावरचा ऑसिलोस्कोप त्या ओढून आणत. त्याच्या पडद्यावर ठोक्यांची हिरवी रेषा उमटे. बाहेरच्या टेबलावर ती रेषा दगडावर कोरल्यासारखी स्थिर दिसे. मग तीच पेटी, तोच गाडा आनंदरावांच्या खोलीत जाई, आणि तिथं रेषेच्या कडा थरथरू लागत. सहा पेट्या झाल्या, सहाही थरथरल्या.

दोन खोल्यांच्या मध्ये दहा पावलांचं बोळ होतं. आनंदरावांचा संशय त्या बोळावर होता. चिप खोबणीत बसवलेली असे, चिमट्यानं क्षणात निघे. बाई चांगली चिप काढून बर्डीच्या बाजारातली स्वस्त चिप बसवतात, असं त्यांनी मनाशी धरलं. त्यांनी चिपवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. सातवी पेटी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. तीही थरथरली.

तो शनिवार होता. प्रेमिलाबाईंची सहावीतली मुलगी सुमती शाळा सुटल्यावर आईकडे आली होती. ती आनंदरावांच्या खोलीच्या दारातून सगळं बघत होती.

"ठिपका जागेवर हाय साहेब," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"जागेवर हाय. पण तोच हाय कशावरून?"

पेट्यांना स्क्रू लावणारा कवडू हसला. "आता ठिपक्यावरबी एक ठिपका द्या भाऊ."

"तू गप राह्य गा!" आनंदराव प्रेमिलाबाईंकडे वळले. "बाई, सोमवारपासून येऊ नका. अन् जाताना पिशवी दाखवून जा."

प्रेमिलाबाईंचा चेहरा उतरला. या कामावर मायलेकींचं घर चालत होतं. चोर म्हणून निघालेल्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार?

सुमती मात्र टेबलाकडे टक लावून होती. "आई, बाहेर तं तू एकच घड्याळ लावते नं वं?"

"बाहेर दुसरं हायेच कुठं? दोन्ही इथंच मिळते."

"मंग काका, ह्या दुसऱ्याची वायर काहून लावली?"

"ते बंद हाय! खटका पहिल्यावर हाय, दिसून नाही राहिलं काय तुले?"

सुमतीनं पुढं होऊन हात लांबवला आणि दुसऱ्या घड्याळाची वायर उपसली.

रेषा स्थिर झाली.

"पेटी दाबली तुनं, म्हणून थांबली!" आनंदराव ओरडले. "पाह्यलं मी."

सुमतीनं वायरचं टोक त्यांच्या हातात दिलं, भिंतीपाशी गेली आणि दोन्ही हात पाठीमागं धरून उभी राहिली. "आता तुम्ही लावा."

आनंदरावांनी वायर लावली. कडा थरथरल्या. काढली. थांबल्या. तीनदा केलं त्यांनी, दर वेळी सुमतीचे हात आहेत कुठं हे बघत.

बघा मुलांनो, दार लावलेलं होतं, पण घट्ट नव्हतं. बंद घड्याळाचा पुसटसा ठोका चालू घड्याळाच्या ठोक्यात झिरपत होता. त्यानं एखादा ठोका किंचित आधी पडे, एखादा किंचित उशिरा. पडद्यावर दिसायची ती हीच थरथर. खटका पहिल्यावर म्हणजे दुसरं घड्याळ जणू तिथं नाहीच, असं सगळे धरून चालले होते.

आनंदरावांनी भिंग काढलं आणि ते चिपवर वाकले. आत यायच्या वाटांसाठी चिपला चार पाय होते. दोन्ही घड्याळं अगदी शेजारशेजारच्या पायांवर जोडलेली, म्हणूनच एकाचा ठोका दुसऱ्यात झिरपत होता, आणि पलीकडचे दोन पाय रिकामे.

"दूरचा पाय सोडून शेजारचा घेतला," ते हळू म्हणाले आणि त्यांची नजर पुन्हा प्रेमिलाबाईंवर गेली. "अशी खोडी कोणं केली असंन?"

"मले दाखवलं तसं जोडलं साहेब."

"कोणं दाखवलं?"

प्रेमिलाबाईंनी मान खाली घातली. कवडू उगाच स्क्रू चाळू लागला.

सुमतीनं स्टूल ओढलं, त्यावर चढून भिंतीवर लावलेल्या, पेटीची जोडणी दाखवणाऱ्या नकाशाच्या चारही टाचण्या काढल्या, तो आनंदरावांच्या पुढ्यात पसरला आणि खालच्या कोपऱ्यातल्या त्यांच्याच सहीवर बोट ठेवलं.